फाटकावरचं गोडं पानी

फाटकाजवळची ती खोली आता पाडत नाहीत म्हने. शाळेच्या बाई सांगत होत्या. गावाचा अन् आमच्या लाईनीचा इतिहास लिहून राह्यले लोक. खोलीले रंग देतीन, कोळशाच्या इंजनाचा फोटू लावतीन, बाहेर पाटी लावतीन. बाई वही घेऊन माह्या ओट्यावर बसल्या.

"आजी, तुम्ही त्या खोलीत किती वर्षं होत्या?"

"अकरा."

"मग सांगा ना, काय काय आठवतं ते."

मले साल-तारीख सांगता येत नाही. दुसरीतच शाळा सुटली माही. इंजनाचा नंबर बी माईत नाही. मले पानी आठवते. तेच सांगून राह्यली.

आमची लाईन लहान. जलंबहून निघे अन् खामगावले जाऊन संपे. मोठ्या लाईनीची एक फांदी म्हना. चार डबे अन् पुढं काळं इंजन. कापसाच्या गाठी मालगाडीनं जात. या दोन गावाच्या मधात, बैलगाडीच्या रस्त्यावर आमचं फाटक. गाडी आली की फाटक लावा, गेली की खोला. माहे मालक फाटकवाले. एक खोली, एक पडवी, एक लिंबाचं झाड अन् चारी बाजूनं पऱ्हाटीचं, म्हंजे कापसाचं वावर. महाराष्ट्र झाला त्याच्या दोन-तीन सालानं आमी तठी राहाले आलो. मी, मालक अन् सासू.

आमच्या भागातलं पानी खारं. हीर खोदली तं पानी लागते, भरपूर लागते, पन तोंडात घेतलं की मिठाचं. साबनाले फेस येत नाही. डाळ दिवसभर चुलीवर ठेवा, दाना दानाच राहते. मानसाईले मुतखडे होत. गावात कोनी चालता चालता कमरेवर हात ठेवून खाली बसला की लोक इचारत नोते काय झालं म्हनून. गोडं पानी कोसभर लांब, नदीच्या झिऱ्यात. तेबी उन्हाळा लागला की आटे.

पन फाटकवाल्याले गोडं पानी होतं. लाईनीवर राहनाऱ्याले प्याचं पानी रेल्वेनं द्याव, असा कायदाच होता. सकाळची गाडी फाटकापाशी मिनिटभर थांबे. गार्ड आपल्या डब्यातून पानी भरेल दोन पत्र्याचे डबे उतरवे अन् कालचे रिकामे घेऊन जाये. त्या दोन डब्यात आमचं पेनं अन् सयपाक. आंघोळ-धुनं खाऱ्या पान्यात.

गावच्या बाया मले चिडवत. "तुले काय बाई, तू तं रानी! इंजन तुह्या दारी पानी भरते."

मी म्हनो, "हो वं, उद्या त्याले भांडे बी घासाले लावतो."

हासन्यावारी गेलं एक साल.

गावात पिंजाऱ्याचं एकच घर होतं. नवरा-बायको दोघंच. थो खांद्यावर धनुष्य घेऊन घरोघर जाये, कापूस पिंजून गाद्या-रजया भरून दे. एका दिवशी थो खामगावले पायी निघाला अन् आमच्या फाटकापाशीच आडवा झाला. पोट धरून मातीत लोळत होता. मालकानं उचलून पडवीत निजवलं. मी पानी देल्लं. एक तांब्या पेला, दुसरा पेला, मंग थोड्या येळानं उठून बसला. मालकानं येनाऱ्या बैलगाडीत बसवून देल्लं त्याले.

खामगावच्या डाक्टरनं सांगतलं, मुतखडा हाय. खारं पानी बंद कर. गोडं पानी पे, रोज, भरपूर. नाही तं गुर्दा सडून जाईन.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको कळशी घेऊन फाटकावर आली. मी तिले भाभी म्हनो. दाराबाहेरच उभी.

"वैनी, मांगाची शरम वाटते."

"मंग मांगू नको. कळशी ठेव अन् बस."

मी एका डब्यातून कळशी भरून देल्ली. मालकानं पाह्यलं. काई बोलले नाहीत. थे तसेबी दिवसातून दहा शब्द बोलत, त्यातले पाच बैलगाडीवाल्याईले, "थांब, गाडी येऊन राह्यली."

गावात कळशी झाकून नेता येते का? चौथ्या दिवशी एक बाळंतीन झालेल्या पोरीची माय आली. मंग एक बुढी आली, तिले खाऱ्या पान्यानं जुलाब लागले होते. मी नाही कसं म्हनो? वाटीवाटीनं देओ. सासू म्हने, "अवं, उद्या आपन काय पेऊ? फाटकाची झेंडी पिळून पेऊ का?"

थे सारं गाडीच्या डायवरनं पाह्यलं. पांढऱ्या मिशीचा मानूस, हिंदी बोले. एका सकाळी गार्ड डबे उतरवत होता, अन् फाटकापाशी पाच-सात बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. डायवर इंजनातून वाकला.

"क्या बात है बाई, बरात आई है क्या?"

मी सांगतलं, गोडं पानी नाही बाबा आमच्या गावात. त्यानं टोपी मागं सारली. इंजनात कोळशावर पानी माराची एक रबरी नळी राहे. थे त्यानं खाली सोडली. "जल्दी जल्दी! दो मिनट!" पानी कोमट निघे, कोळशाचा वास ये. पन गोडं! त्या दिवशी आर्ध्या गावात डाळ शिजली. एक म्हातारी डाळीची वाटी घेऊन घरोघर दाखवत गेली, "पाहा वं, पाहा, मेनावानी झाली."

मंग थे रोजचंच झालं. अन् रोजचं झालं म्हनून भांडनं आले.

हिरीवर रांग कशी राहे थे सांगाव लागते. तठी आधी पाटलाच्या वाड्यातल्या, मंग बाकीच्या, अन् गावाच्या पूर्वेकडच्या टोकाच्या बायाईले तं हिरीच्या काठावर चढूच देत नोते. त्या खाली उभ्या राहत, कोनी वरून ओतलं तं ओतलं. फाटकावर बी थेच सुरू झालं. एकमेकीच्या घागरी सारनं, मांगं लोटनं.

"तुही घागर हाय का रांजन हाय वं? सारं इंजन सुकवशीन!"

"अन् तू काल दोन खेपा नेल्या, थे नाही दिसलं कोनाले?"

एका दिवशी लोटालोटीत टोकावरच्या एका पोरीची मातीची घागर फुटली. थे खाली बसली. खापरं गोळा करून घरी गेली. मले थे पाहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगतलं, "आयका. हे पाटलाची हीर नाही. हे रेल्वेचं पानी. जे आधी येईन थे आधी भरीन. आली की आपली चुंबळ रुळावर ठेवाची, एकीच्या मांगं एक. मंग घागर घेऊन झाडाखाली सावलीत बसा. गाडीची शिट्टी आयकली की चुंबळी उचला अन् त्याच लायनीनं उभ्या राहा."

डोक्यावर घागरीखाली ठेवतो थे कापडाची चुंबळ. जिची तिले वळखू ये, कोनाची लाल, कोनाची जुन्या धोतराची. रुळावर ठेवाले काऊन सांगतलं? खाली गिट्टी टोचे, धूळ राहे, अन् रूळ तं सरळ, चिकना, ओळ मोडत नाही. मले थे लय हुशारीचं वाटलं. लाईनीवर राहून राहून लाईनीची भीतीच गेली होती. गाडीची येळ आमाले पाठ होती. शिट्टी दोन मैलावरून आयकू ये.

टोकावरची थे पोरगी दुसऱ्या दिवशी साऱ्यात आधी आली. तिची चुंबळ पह्यली. वाड्यातली एक बाई नाक मुरडून म्हने, "आता हेच पाहाचं राह्यलं होतं." पन तिनं बी आपली चुंबळ ठेवली. पाचवी.

मालकाले थे चुंबळीचं पसंत नोतं. एकदा म्हनले, "रुळावर काई ठेवाचं नसते." मी म्हनलं, "कपडा तं हाय. गाडीच्या आधी उचलतो." थे झेंडी घेऊन फाटकावर गेले. तठीच मी आयकाले पाहिजे होतं. शहान्या मानसाचे दहाच शब्द राहतात, त्यातले पाच मी वाया घालवले.

उन्हाळ्याचे दिवस. बारा चुंबळी रुळावर अन् बाया लिंबाखाली. कोनी कोनाच्या सासूची नक्कल करून राह्यली, मोठा हासा चालू. तेवढ्यात ट्रॉली आली.

ट्रॉली म्हंजे चार चाकाची फळी, वर बाकडं, छत्री, अन् मांगून दोन मानसं रुळावरून पळत ढकलत. लाईनीचा साहेब त्यावर बसून लाईन पाहत जाये. नेहमी गाडीच्या मांगून ये. त्या दिवशी आधी आली. शिट्टी नाही, आवाज नाही, अन् वळनावर बाभळीचं कुंपन. मी ओरडली तवर चाक चुंबळीवर चढलं. पह्यलीवर हालली, दुसरीवर वाकडी झाली, अन् तिसरी चाकात गुतली. ट्रॉली रुळाखाली. साहेब छत्रीसकट गिट्टीवर.

झाडाखालच्या बाया? एकही राह्यली नाही. घागरी घेऊन वावरातून अशा पळाल्या की वाळेल पऱ्हाटी हालतानी दिसे फक्त. मी, सासू अन् मालक. अन् बारा चुंबळी.

साहेबाचा घुडगा फुटला होता. तरना मानूस, बाहेरगावचा, चांगला बोलनारा. त्यानं रुळावरून एक चुंबळ उचलली, मालकापुढं धरली.

"हे काय आहे?"

मालक हातात झेंडी घेऊन उभे. 

"रुळावर वस्तू ठेवली तर काय होतं, माहीत आहे ना? ट्रॉलीच्या जागी गाडी असती तर?"

मी पुढं झाली. "साहेब, मी ठेवाले सांगतलं. त्याईनं नाही. थे नाहीच म्हनले होते."

"किती बायका येतात?"

"बारा-पंधरा."

"कशाला?"

"पान्याले."

त्यानं सारं इचारलं. मी सारं सांगतलं, डायवरची नळी सोडून. थे बी त्याले नंतर समजलंच. घुडग्याले फडकं बांधता बांधता थो मालकाले म्हने, "आज मी लिहीत नाही. पोटाशी बाई आहे तुमच्या घरात, म्हणून. पण उद्यापासून इथून एक घागर, एक कळशी जरी गावात गेली, तर फाटकही जाईल अन् खोलीही जाईल. समजलं?"

"हो साहेब," मालक म्हनले.

खोली गेली असती तं जाचं कुठी होतं? मालकाच्या भावाईनं शेत आधीच वाटून घेतलं होतं. सासूले डोळ्यानं कमी दिसे. मले सातवा महिना. थे दारं-भिंतीची खोली म्हंजेच आमचं सारं होतं.

नळी बंद झाली. बाया दोन-चार दिवस आल्या, दुरूनच पाहून परतल्या. वाड्यातली थे बाई रस्त्यावर मले म्हने, "तुह्या चुंबळीनं साऱ्या गावाचं पानी तोडलं."  खरंच होतं थे.

अन् पाचव्या दिवशी भाभी आली. हातात कळशी नोती. तिले सारं माईत होतं.

"वैनी, मैं मांगाले नाही आली. सांगाले आली. त्याईले काल रातच्यापासून पुन्हा दुखून राह्यलं. तुमच्या पान्यानं दोन महिने बरे होते. बस, तेवढंच. तुमचा उपकार."

असं म्हनून थे उठली. मी तिच्या मांगं दारापर्यंत गेली. कळशी गावात जाऊ द्याची नाही. मालक फाटकापाशी उभे होते, पाठ आमच्याकडं. मी उभी राहून इचार केला. कळशी नाही जाऊ द्याची. पन दारात आलेल्या मानसाले पानी देऊ नको, असं साहेब म्हनला नोता. असं तं कोनीच म्हनत नाही.

मी म्हनलं, "भाभी, त्याईले इकडं पाठव. सकाळी येऊ दे, सांजच्याले येऊ दे. लिंबाखाली बसू दे. पाव्हना आला तं पानी मी देईनच."

थो आला. काठी टेकत, दर चार पावलावर थांबत. लिंबाखाली बसला. मी तांब्याभर पानी नेऊन देल्लं. थो पेला, घडीभर बसला, पुन्हा पेला. धनुष्य संगं आनलं होतं. "रिकामं बसून काय करू," म्हने, अन् माह्या सासूच्या गादीचा कापूस पिंजत बसला. मंग रोज याले लागला. दिवसातून दोनदा. पाच-सहा तांबे त्याच्या पोटात जात.

डब्यातलं तेवढं पानी कमी झालं. कोनाचं कमी कराव? सासू म्हातारी. मालक ड्युटीवर, उन्हात उभा मानूस. मी माहं पेनं हिरीच्या पान्यावर आनलं, अन् सयपाक बी. सासूले अन् मालकाले गोड्या पान्याचा माठ, तठी मी हात लावत नोती.

डाळ शिजत नोती. पह्यल्या दिवशी मी मालकाच्या ताटात वाढली अन् दुसरीकडं पाहात बसली. कटकट दाताखाली आवाज येई. त्याईनं सारं खाल्लं. हात धुतला.

"कच्ची राह्यली का?" मी इचारलं.

"नाही. बरी हाय."

असं दीड महिना. रोज कच्ची डाळ अन् रोज "बरी हाय". मले वाटे, यायले समजलं नसन. सासू मात्र समजून होती. थे डाळ बाजूले सारून भाकर-चटनी खाये अन् म्हने, "माहे तं दातच नाहीत बाई, मले काय सांगता."

मंग साहेबाची ट्रॉली पुन्हा आली. आता थे गाडीच्या मांगूनच ये. दुपारची येळ. साहेब उतरला, रूळ पाह्यले, फाटक पाह्यलं, अन् लिंबाखाली पाह्यलं. पिंजारी तांब्या तोंडाले लावून बसला होता.

"हा कोण?"

 मी तोंड उघडन्याआधी मालक बोलले.

"पाव्हना हाय साहेब."

"कुठला?"

"गावातलाच."

"गावातला पाहुणा? रोज येतो?"

"रोज येते. दोनदा येते. पानी पेते अन् जाते. कळशी नाही नेत."

इतकं मालक एका दमात बोललेलं मी कधी आयकलं नोतं. साहेबानं मंग लिंबाखाली जाऊन पिंजाऱ्याले काई इचारलं. त्यानं सदरा वर करून कंबर दाखवली. साहेब परत आला, रुमालानं तोंड पुसलं अन् मले म्हने, "बाई, मलाही प्यायला द्या थोडं."

मी आत गेली. गोड्या पान्याचा माठ रिकामा. त्या दिवशी गार्डनं एकच डबा उतरवला होता, दुसरा वाटंत सांडला म्हने. होतं थे सासूले अन् पिंजाऱ्याले गेलं. माह्या माठातलं होतं, हिरीचं. साहेबाले रिकाम्या हातानं कसं पाठवाव? थेच तांब्यात ओतून आनलं.

त्यानं घोट घेतला. तोंडात तसाच धरून ठेवला. थुंकला नाही, चांगला मानूस होता. गिळला.

"हे कोणाचं पाणी आहे?"

"माहं."

"तुम्ही हे पिता? या अवस्थेत?"

मी मालकाच्या समोर काय सांगो? "सवय हाय साहेब," मी म्हनलं.

त्यानं तांब्या खाली ठेवला. वहीत काई लिहिलं नाही. ट्रॉलीवर बसला, ढकलनाऱ्याईनं ढकललं, छत्री वळनापलीकडं गेली. आमी उभेच.

मालक माह्याकडं न पाहता म्हनले, "उद्यापासून डाळ नको लावू."

"मंग?"

"बेसन कर. बेसनाले खारं पानी चालते."

तवा मले समजलं, यायले पह्यल्या घासापासून माईत होतं.

पुढच्या आठवड्यात गाडीतून दोनच्या जागी तीन डबे उतरले. गार्ड म्हने, "वरून सांगितलं आहे." इतकंच. थो उन्हाळा अन् पावसाळा तिसरा डबा येत गेला. थोरली लेक त्याच पान्यावर झाली, तिची पह्यली आंघोळ गोड्या पान्याची. मंग पावसाळ्यानंतर साहेबाची बदली झाली अन् तिसरा डबा बंद झाला. गावाले तं नळ लय सालानं आला. तवर बाया खारंच पेत राह्यल्या, मी बी. माह्या कमरेत कळ येते अजून, येते अन् जाते.

पिंजारी मात्र येत राह्यला. त्याचा खडा पडला, पन सवय पडली होती. आमी तठी होतो तवर लिंबाखाली येऊन बसे. थो गेला थे तापानं गेला, खड्यानं नाही. त्यानं भरेल गादीवर माह्या तिन्ही लेकराईचे बाळंतपन झाले.

शाळेच्या बाई इतकं सारं आयकून म्हनल्या, "आजी, पाटीवर इंजनाचं साल लिहायचं होतं हो आम्हाला."

मी म्हनलं, "थे मले माईत नाही बाई. थे तुमी रेल्वेले इचारा. बसा आता, बेसन टाकलं हाय. भाकर गरम हाय, खाऊन जा."